सा येईपर्यंत

वहीतली पहिली नोंद अशी आहे : ‘सकाळी 7.40. गाणं चालू होतं. कोणतं, आठवत नाही.’

दुसरी त्याच दिवशीची, दुपारची : ‘1.15 ते 3. प्लेलिस्ट. काय वाटलं : काही नाही.’ तिसरीही जवळपास तशीच. चौथ्या नोंदीत मी नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहिलंय, आणि त्याखाली मॅडमची लाल शाई आहे : ‘मग ऐकलं कशाला?’

विषय कळला तेव्हा वर्गात हशा पिकला होता. तिसऱ्या वर्षाला मुख्य विषय भौतिकशास्त्र, आणि ऐच्छिक म्हणून मी मानसशास्त्र घेतलं, तेही वेळापत्रकात नेमका तोच तास मोकळा सापडला म्हणून. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘माझं आवडतं संगीत आणि ते ऐकताना काय वाटतं’. पाचवीच्या निबंधवहीत ‘माझा आवडता प्राणी’च्या शेजारी शोभेल असा विषय! मग त्यांनी अटी सांगितल्या. सहा आठवडे वही ठेवायची. जे जे ऐकाल ते वेळेसकट लिहायचं. एक रकाना शरीराचा, म्हणजे ऐकताना अंगात कुठे काय झालं तो. आणि ‘छान’, ‘मस्त’, ‘भारी’, ‘शांत वाटलं’, ‘रिलॅक्स झालं’ यांतलं काहीही दिसलं की ती नोंद बाद.

आवडतं संगीत कोणतं, हे मला तोंडपाठ होतं. कुणीही विचारलं की तीन नावं तयार असायची. सहा आठवड्यांत ती बदलतील असं वाटलं नव्हतं. खरं तर ती बदललीही नाहीत, पण ते पुढे येईल.

पहिल्या आठवड्यात एवढंच कळलं की मी दिवसाचे चार-पाच तास कानात काहीतरी घालून फिरते आणि त्यातलं जवळजवळ काहीच ऐकत नाही. हेडफोन म्हणजे माझं दार होतं. ते लावलं की कुणी बोलायला येत नाही. बऱ्याचदा गाणं संपून दहा मिनिटं झालेली असायची आणि मी रिकाम्या कानांनी तशीच बसलेली असायचे. हे वहीत लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं.

अभ्यास करताना गाणी लागतातच, हा माझा दुसरा ठाम समज. तो कसा कोसळला त्याचा पुरावा माझ्याच जर्नलमध्ये आहे. उष्मागतिकीच्या एका सिद्धतेत, दोन समीकरणांच्या मधे, माझ्याच अक्षरात ‘म्हणून तू’ असं लिहिलेलं सापडलं. ‘म्हणून’ माझं, ‘तू’ गाण्यातलं! मॅडमना दाखवलं तर त्यांना आनंदच झाला. म्हणाल्या, वाचलेले शब्द आपण मनात उच्चारतो आणि क्षणभर धरून ठेवतो. कानावर पडणारे शब्दही तिथेच घुसतात. एकाच खुर्चीवर दोघं बसणार म्हटल्यावर ढकलाढकली होणारच. नुसत्या वाद्यांनी एवढा त्रास होत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला शब्दांची गाणी बंद केली. आधी कुणी उपदेश म्हणून सांगितलं असतं तर मुळीच केली नसती.

त्या तासाला कुणीतरी विचारलंच, ‘पण मॅडम, मोझार्ट ऐकला की बुद्धी वाढते ना?’ ही अफवा कुठून आली ते ऐकण्यासारखं आहे. 1993 मध्ये अमेरिकेत 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग झाला. दहा मिनिटं मोझार्टची एक पियानो रचना ऐकवली, मग घडी घातलेला कागद कापून उलगडला तर कसा दिसेल अशा धर्तीचे प्रश्न दिले. गुण थोडे वाढले. परिणाम टिकला साधारण दहा-पंधरा मिनिटं. बस, इतकंच. त्यावरून 1998 मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची सीडी पाठवायचा घाट घातला. पुढच्या अभ्यासांचं म्हणणं असं की ही किमया मोझार्टची नाही. जे ऐकून तरतरी येते आणि मन प्रसन्न होतं ते काहीही चालतं. मला ही गोष्ट भलतीच आवडली. दहा मिनिटांच्या हुशारीवर एका राज्याचं पाळण्याचं धोरण!

दुसऱ्या आठवड्यात मी शरीराचा रकाना मनावर घेतला.

तोपर्यंत तो रिकामाच होता. मग एका रात्री अंथरुणावर पडून माझं सर्वांत लाडकं गाणं लावलं, डोळे मिटले, हात चादरीबाहेर ठेवले आणि वाट पाहिली. काटा आला. घड्याळ पाहिलं : 2 मिनिटं 51 सेकंद. पुन्हा लावलं. पुन्हा 2.51. तिथे काय आहे? धृपद नाही, उंच सूर नाही. खरं म्हणजे तिथे काहीच नाही. शेवटचं धृपद सुरू होण्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात, एक ठोका पूर्ण रिकामा जातो, आणि मग सगळं कोसळतं. मला वाटत होतं काटा त्या कोसळण्याला येतो. तो येत होता आधीच्या रिकाम्या ठोक्याला.

मग मला नादच लागला. आवडती दहा-बारा गाणी घेऊन बसले आणि सेकंदाबरहुकूम नोंदी केल्या. दुसरा आवाज पहिल्यात मिसळायच्या बेतात असतो तिथे. पट्टी वर चढायच्या आधीच्या त्या अर्ध्या ओळीत. ढोलकीचा तुकडा संपता संपता. जे यायचं ते येऊन पोचलं त्या जागी काटा क्वचितच होता, तो नेहमी आदल्या वळणावर उभा असायचा.

मॅडमनी 2011 चा एक अभ्यास वाचायला दिला, मॉन्ट्रियलमध्ये झालेला. ज्यांच्या अंगावर संगीत ऐकताना हमखास काटा येतो असेच लोक त्यांनी शोधले, आणि प्रत्यक्ष मेंदू तपासायला उरले आठच जण. त्यांना त्यांच्याच आवडीचं, शब्द नसलेलं संगीत ऐकवलं. काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं एक रसायन, सुटतं हे दिसलंच, पण त्याच्या आधीच्या काही सेकंदांतही, मेंदूच्या वेगळ्या भागात, ते सुटत होतं. म्हणजे वाट पाहण्याचाही पगार मिळतो! आठ माणसांवरून फार मोठं बोलू नये हे मोझार्टच्या गोष्टीवरून शिकले होते, तरी वहीतले माझे आकडे आणि हा शोधनिबंध शेजारी ठेवल्यावर थोडी छाती फुगली.

त्याच उत्साहात एक मूर्खपणाही केला. ते लाडकं गाणं एका दिवसात वीस वेळा लावलं. सहाव्या खेपेपासून काटा गायब. बाराव्याला मी त्या रिकाम्या ठोक्यात नखं पाहत होते. विसाव्याला गाण्याचा तिटकारा आला आणि मी खरोखर घाबरले, की आता हे गेलं, कायमचं. नऊ दिवस त्याला हात लावला नाही. दहाव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवर अचानक वाजलं आणि मी जिन्यात उभी होते तिथेच काटा आला. हायसं वाटलं.

एव्हाना माझी खरी अडचण शब्दांची होती. ‘काटा आला’ किती वेळा लिहिणार? बंदी घातलेले शब्द सोडले तर माझ्याकडे होतंच काय? म्हणून वहीच्या मागच्या पानावर यादी करायला घेतली. शहारा, काटा, रोमांच. (नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत त्यांत रोमांच आहे, अश्रू आहेत आणि आवाज फुटणं म्हणजे स्वरभंगही आहे. शरीराचा रकाना मॅडमनी शोधून काढला नव्हता तर!) मग हुरहुर, रुखरुख, चुटपुट, घालमेल, कालवाकालव, गलबलणं, भरून येणं, उमाळा, कढ. लिहीत गेले तशी मजा वाटू लागली. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रुखरुख मागे वळून पाहते, काहीतरी करायचं राहून गेलेलं असतं. चुटपुट छोटी, थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची. हुरहुरीला मात्र कारण सांगता येत नाही. ती पुढचं काहीतरी हुंगत असते. कालवाकालव पोटात, उमाळा छातीत, गलबलणं घशाजवळ. शरीराचे पत्तेच आहेत हे.

उदास गाण्यांचं एका वाक्यात सांगते. अंतर्गत परीक्षेचा निकाल लागला त्या रात्री मी माझ्याकडची सगळ्यांत रडकी गाणी लावली, आणि वहीत लिहावं लागलं, ‘उदास : नाही. भूक लागली.’

आता रूममेटबद्दल सांगायला हवं, कारण इथून पुढे वहीवर तिचाही हक्क आहे.

ती तबला शिकते. अभ्यासाच्या टेबलावर, उशीवर, माझ्या पाठीवर बोटं वाजवत असते. माझ्या सेकंदांच्या नोंदी तिने एका रात्री वाचल्या आणि म्हणाली, ‘अगं, हे तर आमच्याकडे रोजचं आहे. तू समेची वाट बघतेस.’

तिने मला बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला शिकवलं. त्रिताल, सोळा मात्रा. पहिलीला सम, तिथे टाळी. पाचवीला आणि तेराव्याला टाळी. नववीला खाली, तिथे हात नुसता उघडायचा, आवाज नाही. ‘खाली आली की समज अर्धं आवर्तन गेलं. आता परतीची वाट.’ मग तिने तिहाई वाजवून दाखवली. एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात बरोबर समेवर. पहिल्याला कळत नाही, दुसऱ्याला संशय येतो आणि तिसरा चालू असताना अंग आपोआप पुढे झुकतं. मैफलीत ओळख ना पाळख अशी माणसं एकाच क्षणी मान का डोलावतात, याचं मला लहानपणापासून कोडं होतं. मला वाटायचं त्यांचं आधी ठरलेलं असतं. तर ते सगळे हिशेब करत बसलेले असतात!

‘पण हे सोपं आहे,’ ती म्हणाली. ‘सम येणार हे नक्की असतं. वाट पाहायचीच हौस असेल तर मारवा ऐक. सा शोधून दाखव.’

तिने उस्ताद अमीर खाँ यांच्या मारव्याची जुनी ध्वनिमुद्रिका दिली. मी शास्त्रीय संगीत अगदीच ऐकलं नव्हतं असं नाही, पण ते पाहुण्यांनी लावलेलं, बोलणी चालू असताना मागे वाजणारं. पूर्ण एक राग, दुसरं काही न करता, कधीच नाही. पहिल्या दिवसाची नोंद : ‘सायं. 6.30. नऊ मिनिटांनी झोप.’ दुसऱ्या दिवशीची : ‘चीड. जबडा आवळलेला. हा माणूस पोचत का नाही?’

ही दुसरी नोंद मला सगळ्या वहीत सर्वांत प्रिय आहे. तेव्हा काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि तरी नेमकं तेच लिहिलं गेलं होतं.

मारवा पोचत नाही. त्याची रीतच ती. सा हा सगळ्या रागांचा पाया, घर. गवई कुठेही भटकला तरी परत तिथे येतो. मारव्यात मात्र सा चालतो, तरी त्याला शक्यतो टाळतात. खालच्या नीवरून उचलायचं आणि साला ओलांडून थेट कोमल रे गाठायचा. मग ग, तीव्र म, ध. पंचम, म्हणजे प, पूर्ण वर्ज्य, म्हणजे टेकायला दुसरी जागा होती तीही काढून घेतलेली. सगळा मुक्काम कोमल रे आणि ध यांच्यावर. रूममेटने तर असंही दाखवलं की वादी आणि संवादी, म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा आणि त्याच्या खालोखालचा, या स्वरांत साधारणपणे चार किंवा पाच स्वरांचं सरळ नातं असतं, षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम भावाचं, म्हणजे सा-म किंवा सा-प यांच्यासारखं, आणि इथे रे आणि ध यांच्यात ते बसत नाही. भातखंड्यांनी रागांची विभागणी केली त्या दहा थाटांतल्या एकाला ज्याचं नाव आहे, तोच राग असा नियमाबाहेर बसलेला.

तंबोराही वेगळा लावतात. चार तारांपैकी मधल्या दोन जोडाच्या आणि शेवटचा खर्ज, या तिन्ही साच्या. पहिली तार एरवी पंचमाला, इथे बहुधा नीला. म्हणजे मागे तंबोरा सतत सा-सा म्हणत असतो आणि पुढे गाणारा त्याच्यावर पाय ठेवत नाही. कुणीतरी दार उघडून ‘या, या’ म्हणतंय आणि पाहुणा अंगणातच फेऱ्या घालतोय.

भौतिकशास्त्राची सवय सुटत नाही, म्हणून हिशेब केला. सा 220 हर्ट्‌झ धरला आणि कोमल रे 16:15 च्या प्रमाणात, तर तो येतो 234.67 वर. फरक सुमारे 15. म्हणजे दोन्ही सूर एकत्र वाजले तर सेकंदाला पंधरा वेळा एकमेकांवर आपटतात. इतक्या वेगाचा कंप कानाला सुटा मोजता येत नाही, तो खरखरीसारखा लागतो. सा आणि पंचमाचं प्रमाण 3:2, तिथे असं काही होत नाही, सगळं चपखल बसतं. गवई कोमल रे कुठे लावतात ते कॅल्क्युलेटर पाहून ठरवत नाहीत हे मला माहीत आहे, आणि प्रत्येकाची जागा थोडी वेगळी. तरी मला बरं वाटलं. माझा आवळलेला जबडा अगदीच निराधार नव्हता.

मी रोज ऐकायचं ठरवलं. मारवा हा संधिप्रकाश राग, दिवस मावळतानाचा. त्या वेळी होस्टेलच्या लांबच लांब पॅसेजमधले दिवे एकेक करून लागतात आणि कुठलंच काम सुरू करावंसं वाटत नाही. वेळ जुळली होती खरी. पण मला हा वेळेचा नियम आधीपासून थोडा संशयास्पद वाटायचा, म्हणून एका रविवारी सकाळी अकराला लावून पाहिला. तेच झालं, तशीच घालमेल. विजयी मुद्रेने रूममेटला सांगितलं, ‘बघ, वेळेचं काही खरं नाही.’ ती म्हणाली, ‘तू पडदे का ओढले होतेस?’

त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

दहा-बारा दिवसांनी जे झालं ते नीट लिहायचा मी चार वेळा प्रयत्न केला. वहीत चार खाडाखोडी आहेत. पाचव्यांदा इथे करते.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, चालू होतं. झुमरा ताल, चौदा मात्रा, इतक्या संथ की मी पेरांवर मोजायचं केव्हाच सोडून दिलं होतं. खाँसाहेब घाईत नसतात. एक स्वर घेतात, त्याच्याकडे बघतात, मग शेजारच्याला बोलावतात. ते कोमल रेवर थांबले होते. मी पलंगाला टेकून जमिनीवर बसले होते, हात मांडीवर. आणि माझ्या लक्षात आलं की माझा घसा हलतोय. आवाज नव्हता, नुसती आतली हालचाल, पाणी गिळल्यासारखी. मी सा म्हणत होते. ते रेवर उभे होते आणि मी त्यांच्याआधी घरी जाऊन बसले होते, आणि ते येत नव्हते. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं काहीतरी पोटात झालं. पण तो धक्का क्षणभराचा असतो, हा ते ताणत राहिले. वर गेले, ध ला जाऊन आले, नीपर्यंत खाली उतरले. वाटलं, आता. पुन्हा रे. मी आता चिडले नव्हते. घसा सैल केला आणि त्यांच्याबरोबर रेवर थांबून पाहिलं. पहिल्यांदाच. तिथे थांबता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

मग सा आला. अगदी थोडका, जाता जाता ठेवल्यासारखा. मी काट्याची वाट पाहत होते, घड्याळही तयार होतं. काटा आला नाही. फक्त श्वास सुटला, इतका लांब की तो कधीपासून धरला होता हे आठवेना. खांदे कानांजवळून खाली आले. ते वर गेले होते हेही तेव्हाच कळलं.

शरीराच्या रकान्यात लिहिलं : ‘काटा नाही. खांदे.’ आणि ‘काय वाटलं’ या रकान्यात आधी ‘घालमेल’, खोडलं. ‘हुरहुर’, तेही खोडलं. ‘पोचलं’ असं लिहिलं आणि त्यावरही रेघ मारली, कारण सा येऊन गेल्यावर क्षणभराने मला रे हवा होता.

चौथ्या आठवड्यात रूममेटने एक खेळ काढला. मारवा, पूरिया आणि सोहनी. तिघांचे स्वर तेच सहा : सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, शुद्ध ध, शुद्ध नी. अर्ध्या मिनिटाचे तुकडे लावायचे आणि मी राग ओळखायचा. पहिल्या दिवशी दहांत चार आले, त्यातले दोन निव्वळ नशिबाने. पूरिया खालच्या सप्तकात रमतो, ग आणि नी यांचा आधार घेतो. सोहनी वरच्या साच्या आसपास भिरभिरते, चपळ, रात्र सरतानाची. हे कागदावर पाठ करून काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला खांद्यांचा! पूरियात ते उचलले जात नाहीत. सोहनीत हनुवटी वर होते. हे कळल्यावर दहांत आठ आले. संगीतातलं ज्ञान म्हणावं असं हे नाही आणि कुठल्या परीक्षेत चालणारही नाही, पण मॅडमचा शरीराचा रकाना पहिल्यांदा कामाला आला.

तंबोऱ्याचं ॲप लावून मी स्वतःही सा लावून पाहिला. मला गाता येत नाही हे आधीच सांगते. एक मिनिट सा धरायचा, एवढंच. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत तो कुठल्या कुठे सरकला. मग एकदा, चार-पाच सेकंदच असतील, माझा आवाज मला ऐकू येईनासा झाला. घाबरून थांबले. रूममेट म्हणाली, ‘थांबलीस कशाला? तेव्हाच बरोबर लागला होता.’ ॲपपेक्षा खऱ्या तंबोऱ्याची गंमत वेगळी, असं ती म्हणते. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी जुळवतात, मग एकाच तारेतून आणखी कितीतरी स्वर उमलतात. एकदा तिच्या क्लासमध्ये जाऊन ते पाहायचं आहे.

पाचवा आठवडा परीक्षेत गेला. वहीत तीन नोंदी आहेत आणि तिन्ही खोट्या. मॅडमनी त्या बरोबर ओळखल्या.

वही दिली त्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘मग, आवडतं संगीत कोणतं?’ मी जुनीच तीन नावं सांगितली. त्या जरा निराश झाल्यासारख्या दिसल्या. त्यांना बहुतेक मारवा अपेक्षित होता. पण मला तो आवडतो का, हे मला खरंच सांगता येत नाही. आवडत्या गाण्यांकडे मी हक्काने जाते. माझी मैत्रीण असल्यासारखी ती भेटतात, 2.51 ला ठरल्याप्रमाणे काटा देतात. मारव्याकडे जाताना आधी थोडं धैर्य गोळा करावं लागतं. काही दिवस मी मुद्दाम लावत नाही. आणि तरी संध्याकाळी पॅसेजमधला पहिला दिवा लागला की घसा आपला आतल्या आत हलायला लागतो. याला आवड म्हणायचं की खोड? मॅडमनी तो प्रश्न वहीतच लिहून ठेवायला सांगितला.

गुण चांगले मिळाले. पाचव्या आठवड्याचे कापून.

परवा संध्याकाळी ऐकत असताना हेडफोनची बॅटरी संपली, तीही बरोबर कोमल रेवर. चार्जर कुणीतरी उचलून नेला होता. खोलीत एकदम सामसूम, आणि तो रे माझ्या डोक्यात तसाच टांगलेला. मी कपडे आवरले, टेबल आवरलं, दोन पानं वाचली. रे तिथेच. शेवटी न राहवून तो हलकेच तोंडाने म्हटला आणि लांबवत ठेवला, एवढ्याचसाठी की खोलीच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकात डोकं घालून बसलेली ती पुढचं म्हणेल आणि मला सोडवेल.

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, पेन्सिलीने टेबलावर एक टिचकी मारली आणि अगदी सुरात म्हणाली, ‘नी.’

आणि पुन्हा वाचायला लागली.